कान? बंद.

चहाचा कप हातात आला की आधी त्यावर नखाने टिचकी मारायची. कपाला बारीक तडा असेल तर आवाजातच कळायचा. मग सरळ दुसरा कप मागायचा.

लिफ्टमध्ये शिरलं की लिफ्टच्या घुमण्यात सूर मिळवून गुणगुणायचं. बाकीचे बघत असले तरी.

दार करकरलं की तीनदा उघडून मिटून पाहायचं. मग खिशातून बोटाएवढी तेलाची बाटली काढायची. घर कुणाचंही असो.

मोजे उलटे घालायचे, शिवण बोटांना टोचते म्हणून.

कुणी तावातावाने बोलायला लागलं तर शब्दांकडे लक्षच द्यायचं नाही. "आज आवाज बसलाय तुमचा. झोप झाली नाही का?" समोरच्याचा राग तिथेच जिरायचा.

फोन कायम डाव्या कानाला. "उजव्याला ऐकू येतं. डाव्याला कळतं."

हे आमचे काका. नात्याने माझे कुणी नव्हेत. ते पियानो लावायचे. संगीतशाळेत अकरा पियानो, आणि अकराही गेली तीस वर्षं त्यांच्याच हातचे. मी त्याच शाळेच्या ग्रंथालयात आहे. साहित्यात एम.ए. केलं आणि स्वरलिपीच्या वह्यांना नंबर चिकटवायला लागले. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात भिंतीपलीकडून एकच सूर पाऊण तास ऐकला. भांडायलाच गेले.

"बस," ते म्हणाले. "भांडण पाच मिनिटांनी. आधी हे ऐक."

एका पट्टीमागे तीन तारा असतात. तिन्ही सारख्या ताणलेल्या नसल्या की आवाजाला लाट येते. वाँव, वाँव, वाँव. ते रबराची छोटी पाचर तारांमध्ये खोचून एक तार गप्प करायचे. मग उरलेल्या दोघींपैकी एकीची खुंटी किल्लीने केसभर फिरवायची. लाट लांबत गेली, मंद झाली. थांबली.

"थांबली ना? झालं. एवढंच माझं काम. बायको म्हणते, याला काय काम म्हणतात?"

भांडण राहून गेलं. ते छप्पन्न वर्षांचे, मी सव्वीस. त्या दिवसापासून दुपारचा चहा आम्ही बरोबर घेऊ लागलो.

तेव्हा मी क्ले शूटिंग शिकत होते. मातीच्या तबकड्या यंत्रातून हवेत उडतात आणि त्या छऱ्यांच्या बंदुकीने फोडायच्या असतात. शहराबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. तिथे क्लबचं मैदान. दर रविवारी सकाळी मी बसने जायचे. एका मैत्रिणीने मला नेलं होतं. तिची बदली झाली आणि माझी जोडी मोडली. दोन महिन्यांनी नवशिक्यांची जोडीची स्पर्धा होती. मला त्यात उतरायचं होतं. फारच उतरायचं होतं. आयुष्यात कुठल्या खेळात माझं नाव कुणी पुकारलं नव्हतं.

एकदा चहावर सहज म्हटलं, "काका, तुम्ही येता का?"

त्यांनी कपावर टिचकी मारली. विचार केला.

"तीस वर्षं आवाज मऊ करतोय. एकदा एक मोठा आवाज करून बघू या."

काकू घरीच कपडे अल्टर करतात. त्यांनी शिलाई मशीन थांबवलंदेखील नाही. "आयुष्यभर तारा पिळल्या. आता बार उडवा. पेन्शनीला आलेल्या माणसाला हे सुचतं बघ."

"अगं, तबकड्या असतात. मातीच्या."

"घरात थोड्या फोडल्यात?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू आहेस ना बरोबर? मग जाऊ दे. तुझ्या भरवशावर सोडतेय हो."

मी म्हटलं, "मी आहे ना."

क्लबच्या कोचबाई आधी पोहायला शिकवायच्या. तलावाच्या दुसऱ्या काठाला ऐकू जाईल असा आवाज अजून तसाच होता. पहिल्या रविवारी त्यांनी काकांना दोन्ही हात पुढे करून तळव्यांची छोटी खिडकी करायला लावली. त्या खिडकीतून लांबच्या खांबाकडे बघा. आता एक डोळा मिटा. आता दुसरा. खांब कुठल्या डोळ्याने जागेवर राहतो?

"उजव्या."

"मग बंदूक उजव्या खांद्याला. गाल लाकडाला चिकटवायचा. लाडाने. डोकं वर काढलंत की तबकडी गेली."

बंदूक क्लबचीच होती, दुनळी. हातात नसेल तेव्हा आणि नेम धरेपर्यंत हातात असेल तेव्हाही ती मधून मोडून उघडी ठेवायची, म्हणजे नळीत काही नाही हे लांबूनही दिसतं. तोंड कायम समोर मैदानाकडे, नाहीतर खाली. माणसाकडे चुकूनही नाही.

आणि त्या क्लबात एक रीत होती. नव्या माणसाला जो घेऊन येतो तो त्याचा 'सोबती'. पहिले दहा रविवार सोबत्याने नव्याच्या डाव्या खांद्यामागे उभं राहायचं. प्रत्येक फेरीआधी तीन प्रश्न मोठ्याने विचारायचे. काडतूस त्यानंतरच. वहीत सहीही सोबत्याची.

"नळी?"

"उघडी."

"डोळे?"

"चष्मा."

"कान?"

"बंद."

कान म्हणजे इअरमफ. दोन जाड वाट्या, कानांवर घट्ट बसणाऱ्या. कोचबाईंनी मला बाजूला घेतलं होतं. "नुसतं उत्तर ऐकायचं नाही. हात लावून बघायचं. माणूस हो म्हणतो. माणसाला हो म्हणायची सवय असते."

मी पहिल्या रविवारी हात लावून बघितलं. दोन्ही वाट्या दाबून बघितल्या. दुसऱ्याही. तिसऱ्याही. चौथ्यापासून उत्तरावरच भागवलं.

पहिल्या दिवशी पंचवीस तबकड्यांपैकी त्यांनी तीन फोडल्या. पहिली फुटली तेव्हा हवेत नारिंगी ठिकऱ्या उडाल्या आणि खाणीच्या भिंतीवरून आवाज परत आला. काका वळले. बंदूक उघडी, तोंड खाली, अगदी नियमाप्रमाणे. चेहरा मात्र चौथीतल्या मुलाचा.

"कुणी फोडली?"

"तुम्हीच."

"खरं सांग. कोचबाईंनी मागून मारली असेल."

"मी इथे तबकड्यांचं बटण दाबतेय!" कोचबाई ओरडल्या. "उगाच माझ्यावर आळ नको!"

खांदा काळानिळा झाला. काकूंनी शेकून दिला आणि दोघांना बोल लावले. पुढच्या रविवारी काका बसथांब्यावर माझ्या आधी हजर.

पण नेम सुधारेना. तबकडीच्या मागे मारत होते. चौथ्या रविवारी पाच. पाचव्या रविवारी सहा. माझ्या अठरा व्हायच्या. दोघांच्या मिळून चोवीस, म्हणजे यादीत तळाला. कोचबाई सांगायच्या, "उशीर होतोय. तबकडी दिसल्यावर हलता. तिच्या पुढे जा. आणि बार झाला तरी हात थांबवू नका, फिरत राहू दे."

परत येताना बसमध्ये काका म्हणाले, "मला ना, दिसायच्या आधी ऐकू येतं. जन्माची खोड. ती तबकडी सुटण्याआधी यंत्रात स्प्रिंग सुटते. टक्. अगदी बारीक. ते ऐकू आलं तर मी वेळेवर हलेन. या वाट्यांमध्ये सगळं बंद."

"वाट्या काढायच्या नाहीत हं," मी म्हटलं.

"छे छे."

सहाव्या रविवारी त्यांनी पंधरा फोडल्या.

कोचबाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. "काय खाऊन आलात आज?" मी टाळ्या वाजवल्या. मनात बेरीज चालू होती. पंधरा आणि अठरा, तेहेतीस. तेहेतीस म्हणजे पहिल्या तिघांत.

सातव्या रविवारी, दुसऱ्या फेरीआधी, त्यांनी मान वळवली आणि डाव्या वाटीखालून काहीतरी पडलं. माझ्या बुटाजवळ. मी खाली पाहिलं. रबराची पाचर होती. तारा गप्प करायची.

कळायला एक क्षण पुरला. ती पाचर त्यांनी वाटीच्या मागच्या कडेखाली, केसांत खोचली होती. बाहेरून वाटी कानावर होती. आतून फट होती. बंदूक उजव्या खांद्याला, त्यामुळे डावा कान नळीच्या बाजूला. तोच त्यांचा चांगला कान. स्प्रिंगचं टक् ऐकायला तोच उघडा ठेवला होता.

कोचबाई मागे उजवीकडे, बटणाजवळ. त्यांना दिसणं शक्य नव्हतं. मध्ये मी होते.

मी वाकले. पाचर उचलली. त्यांच्या हातात दिली.

आणि विचारलं, "कान?"

"बंद."

मी हात लावून बघितलं नाही. त्या दिवशी नाही. आठव्या, नवव्या रविवारी नाही. दहाव्याला स्पर्धा होती, तेव्हाही नाही. तिन्ही प्रश्न मात्र दरवेळी विचारले. मोठ्याने, कोचबाईंना ऐकू जातील असे. वहीत चारही वेळा सही केली.

हे मी अनेकदा वेगळ्या तऱ्हेने मांडून पाहिलं. मला धोका माहीत नव्हता, असं मांडून पाहिलं. पण कोचबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बंदुकीचा एक बार उघड्या कानाला पुरतो. माझ्या लक्षात नव्हतं, असंही म्हणून पाहिलं. लक्षात होतं. पाचर उचलताना मी तेहेतीसचा विचार करत होते. याहून खरं काही मला सापडत नाही.

स्पर्धेत आम्ही दुसरे आलो. माझ्या एकोणीस, काकांच्या सतरा. लाउडस्पीकरवर माझं नाव पुकारलं. काका माझ्या कानाशी येऊन ओरडले, "साहित्यिक बाई, आता एक कादंबरी होऊन जाऊ दे!" ते एवढ्या मोठ्याने का ओरडले, याचा मी विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी चहाला आले ते कपाळाला आठ्या घालून.

"कानात शिट्टी वाजतेय. थांबत नाही."

"कुठला सूर?" मी गमतीने म्हटलं.

ते खरंच उठले. शेजारच्या खोलीत जाऊन पियानोच्या वरच्या पट्ट्या एकेक दाबून पाहिल्या. "हा. वरून सातवा. अगदी हाच." आपणच शोधून काढल्याचा आनंद होता त्यात.

"जाईल दोन दिवसांत," मी म्हटलं. "मलाही होतं कधीकधी."

मला कधीच झालं नव्हतं.

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. सहा नंबरच्या खोलीतल्या बाई म्हणाल्या, "काका, वरची बाजू चढलीय. कानाला लागतेय." ते परत आले, परत लावलं. बाई परत आल्या. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत. फक्त शिकवणी दुसऱ्या खोलीत नेली. काकांनी ते पाहिलं. त्या दिवसापासून फोन उजव्या कानाला गेला.

कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. काचेच्या पेटीत बसून आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरून मला त्यांचा अंगठा दिसत होता. बराच वेळ तो हललाच नाही. मला वाटलं, डॉक्टरांनी आवाज लावलेला नसेल.

कागदावर दोन रेषा निघाल्या. उजव्या कानाची बऱ्यापैकी सपाट. डाव्या कानाची सपाट येत येत एकदम खाली कोसळलेली.

"बोलणं ऐकू येईल," डॉक्टर म्हणाले. "वरचे आवाज गेलेत."

"परत?" काकूंनी विचारलं.

"गेलेले येत नाहीत. इतक्यात मोठा आवाज जवळून ऐकला होता का?"

"बंदूक," काका म्हणाले.

"कान झाकले नव्हते?"

"झाकले नव्हते कसे?" काकू तडकल्या. "ही स्वतः हात लावून बघायची. दरवेळी! हिच्यासारखी मुलगी नसती तर मी उंबरठा ओलांडू दिला नसता यांना." आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सांग गं डॉक्टरांना."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. काका भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत होते.

मी मान हलवली. हो म्हणून.

डॉक्टर कागदाकडे बघून म्हणाले, "मग इतकं व्हायला नको होतं. पण होतं कधीकधी." आणि त्यांनी तसंच लिहून घेतलं.

त्यानंतर काकांनी शाळेची कामं एकेक करून सोडली. कुणाला कारण सांगितलं नाही. पाठीचं दुखणं म्हणाले. चहाला मात्र येत राहिले. मी कपात बघत बसायचे. ते हवापाण्याच्या गप्पा मारायचे. मला बरं वाटावं म्हणून मारायचे, हे मला कळत होतं.

वार्षिक कार्यक्रमाच्या आधी सभागृहातला मोठा पियानो लावायचा होता. तो त्यांनी सोडला नाही. "हा शेवटचा. तू ये बरोबर. वरच्या बाजूला मला तुझे कान लागतील."

रिकाम्या सभागृहात सकाळपासून बसलो. मधल्या पट्ट्यांवर हात पूर्वीसारखाच चालला. उजवा कान तारांकडे, मान वाकडी. मला वाटलं, सगळं ठीकच आहे, डॉक्टरांचंच काही चुकलं असेल. जसजसे वर गेले तसतसे थांबायला लागले. एकेका पट्टीला दहा मिनिटं, मग पंधरा. कपाळाला घाम. चौऱ्याहत्तरावी पट्टी कशीबशी लागली.

पंच्याहत्तराव्या पट्टीवर म्हणाले, "आता तू. लाट थांबली की सांग."

त्यांनी पट्टी मारली. किल्ली फिरवायला लागले. मी ऐकलं. वर सूर इतके बारीक असतात की मला लाट आहे का नाही तेच कळेना. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. तीस वर्षं ते तारांकडे बघत आले होते.

"थांबली?"

"मला… बहुतेक."

"बहुतेक नको. थांबली का?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. ते हो त्यांनी धरलं असतं आणि पुढची पट्टी घेतली असती.

"काका, ती पाचर मी पाहिली होती."

त्यांनी किल्लीवरचा हात काढला नाही.

"पाहिली होती काय? तूच तर उचलून दिलीस."

मी पट्टीवरची धूळ बोटाने पुसली.

"मीच मूर्ख," ते म्हणाले. "मला सुचलं, मी केलं. पण ती पडली ना, तेव्हा मला वाटलं होतं, आता ही ओरडणार. कोचबाईंना सांगणार. घरी पाठवणार. तू उचलून दिलीस. आणि परत विचारलंस, कान? मी म्हटलं, बंद. तू पुढे काही बोलली नाहीस. मी समजलो, एवढं चालत असेल तुमच्यात. तू शिकलेली. मी नवीन."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला ते सोपं गेलं असतं.

"मला जिंकायचं होतं," मी म्हटलं.

"मलाही की." ते हसले. खरंच हसले. "सतरा फोडल्या मी. छप्पन्नाव्या वर्षी." मग जरा वेळाने, "हिला सांगू नकोस. तुझ्यावर जीव आहे तिचा. आता या वयात तिने नवीन कुणाला जीव लावायचा?"

मी त्यांचं हे ऐकलेलं नाही. काकू वाचतात. शिवायचे कपडे ज्यात बांधून येतात ते कागदही वाचतात. त्यांच्यासमोर उभं राहून सांगायला मी चारदा गेले, आणि चारही वेळा त्यांनी आधी विचारलं, "जेवलीस का?" म्हणून हे असं लिहिलं.

पाणी पिऊन येतो म्हणून काका उठले. मी स्टूलावर बसून राहिले. बराच वेळ झाला तेव्हा खिडकीशी गेले. ते रस्ता ओलांडत होते. हातात अवजारांची पिशवी नव्हती. गाडीने हॉर्न दिला तेव्हा ते भलत्याच बाजूला वळून बघायला लागले. गाडीवाला थांबला. ते पलीकडे निघून गेले.

किल्ली पंच्याहत्तराव्या पट्टीच्या खुंटीवर तशीच बसलेली होती. कार्यक्रम दुसऱ्या पियानोवर झाला. शाळेने अजून नवा माणूस बोलावलेला नाही, आणि मी आठवण करून दिलेली नाही. झाकणाच्या आत एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर काका दरवेळी काम सुरू करताना तारीख घालायचे आणि काम संपलं की तिच्यापुढे सही करायचे. त्या सकाळची तारीख आहे. चौऱ्याहत्तर पट्ट्या लागल्या आहेत. चौदा राहिल्या.